शस्त्रक्रियेचा आणि उपचारासाठीच्या प्रवासाचा खर्च अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये कसा दाखवावा

घरात कुणाची मोठी शस्त्रक्रिया झाली की विमा कंपनीने आपला वाटा भरल्यानंतरही डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम), को-पे (प्रत्येक भेटीमागे भरायची ठरावीक रक्कम), नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरची फी, औषधे, फिजिओथेरपी, गाडीचे हेलपाटे आणि हॉटेलचा मुक्काम मिळून हजारो डॉलर खिशातून जातात. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्याचे कलम २१३ या खर्चापैकी काही भाग उत्पन्नातून वजा करण्याची मुभा देते. ही मुभा अनेक मराठी कुटुंबांच्या हातून निसटते, आणि त्याचे मुख्य कारण असे की तिचा विचार मार्च-एप्रिलमध्ये रिटर्न भरायला बसल्यावर केला जातो. तोपर्यंत पैसे भरण्याच्या तारखा हातातून गेलेल्या असतात, पार्किंगच्या पावत्या हरवलेल्या असतात आणि एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्याची, संधीही बहुतेक संपलेली असते. म्हणून हा हिशेब शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्या आठवड्यातच मांडायला घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व आकडे, वेगळे सांगितले नसेल तेथे, २०२५ या करवर्षाचे आहेत.

पहिली पायरी: वजावट मिळण्याची शक्यता आहे का, हे तपासावे

सर्वप्रथम आपण कोणता फॉर्म भरतो ते पाहावे. जे करदृष्ट्या अनिवासी आहेत आणि फॉर्म १०४०-एनआर भरतात, त्यांच्या शेड्यूल ए मध्ये, म्हणजे वजावटींची यादी देणाऱ्या जोडपत्रात, वैद्यकीय खर्चाची ओळच नसते. विद्यार्थी व्हिसावरची बहुतेक मुले पहिली पाच कॅलेंडर वर्षे याच गटात मोडतात, त्यामुळे त्यांनी पावत्यांची जुळवाजुळव या वजावटीसाठी करण्यात अर्थ नाही. फॉर्म १०४० भरणाऱ्यांना मात्र पुढचे दोन उंबरठे ओलांडावे लागतात.

पहिला उंबरठा साडेसात टक्क्यांचा आहे. आपल्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे एजीआयच्या, ७.५ टक्क्यांहून जितका खर्च अधिक असेल तितकाच मोजला जातो. ही मर्यादा मधल्या काळात १० टक्के झाली होती. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ती ७.५ टक्क्यांवर कायम केली. दुसरा उंबरठा स्टँडर्ड डिडक्शनचा, म्हणजे पावत्यांशिवाय मिळणाऱ्या ठरावीक वजावटीचा. वैद्यकीय वजावट शेड्यूल ए वर, इतर आयटमाइज्ड, म्हणजे एकेक करून दाखवलेल्या, वजावटींबरोबर घ्यावी लागते, आणि त्या सर्वांची बेरीज स्टँडर्ड डिडक्शनहून मोठी असेल तरच तिचा फायदा होतो. २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन एकट्या करदात्यासाठी १५,७५० डॉलर, हेड ऑफ हाउसहोल्डसाठी (अवलंबितांचे घर चालवणारा अविवाहित करदाता) २३,६२५ डॉलर आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या पती-पत्नीसाठी ३१,५०० डॉलर आहे. रक्कम मोठी असल्याने बहुतेक लोक शेड्यूल ए कडे वळतच नाहीत. मात्र राज्याचा कर आणि प्रॉपर्टी टॅक्स यांच्या वजावटीची कमाल मर्यादा २०२५ पासून १०,००० वरून ४०,००० डॉलरवर गेली आहे, त्यामुळे न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत स्वतःचे घर असलेल्यांनी पूर्वीच्या वर्षांच्या अनुभवावरून निष्कर्ष न काढता पुन्हा आकडेमोड करावी.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. एका जोडप्याचे एजीआय १,२०,००० डॉलर आहे, त्याचे ७.५ टक्के म्हणजे ९,००० डॉलर. त्यांनी वर्षभरात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी विम्यानंतर खिशातून १६,४०० डॉलर भरले, दातांच्या इम्प्लांटसाठी ३,३०० डॉलर, फिजिओथेरपी व प्रिस्क्रिप्शनच्या औषधांसाठी १,४९६ डॉलर आणि प्रवास व मुक्कामाचे मान्य होणारे ८५४ डॉलर. एकूण २२,०५० डॉलर झाले. त्यातून ९,००० वजा केले की शेड्यूल ए वर १३,०५० डॉलर उरतात. राज्याचा कर, प्रॉपर्टी टॅक्स, गृहकर्जाचे व्याज आणि देणग्या मिळून त्यांच्या इतर वजावटी २५,७०० डॉलरच्या आहेत, म्हणजे एकूण बेरीज ३८,७५० डॉलर होते. ती स्टँडर्ड डिडक्शनहून ७,२५० डॉलरने मोठी आहे. हे जोडपे १२ टक्क्यांच्या टप्प्यात येत असल्याने त्यांचा फेडरल कर प्रत्यक्षात ८७० डॉलरने कमी होतो.

बावीस हजार डॉलर खर्च होऊन कर वाचला ८७० डॉलर. हा आकडा मुद्दाम उघडपणे मांडला आहे, कारण 'मेडिकलचा सगळा खर्च टॅक्समधून वजा होतो' हा समज मी वारंवार ऐकतो आणि त्यावर विसंबून लोक नको ते निर्णय घेतात. तरीही ८७० डॉलर सोडून देण्यासारखी रक्कम नव्हे, आणि ज्यांचे उत्पन्न कमी व खर्च मोठा, विशेषतः निवृत्त लोक, त्यांच्या बाबतीत बचत याहून खूप मोठी असू शकते.

दुसरी पायरी: एचएसए आणि एफएसए आधी वापरावे

वरच्या जोडप्याचा विमा एचएसएला पात्र असलेला उच्च डिडक्टिबलचा असता, आणि त्यांनी पगारातून कुटुंबासाठीची २०२५ ची कमाल रक्कम, म्हणजे ८,५५० डॉलर, एचएसए खात्यात टाकून त्यातून रुग्णालयाचे बिल भरले असते, तर १२ टक्के प्राप्तिकर आणि ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर कर मिळून सुमारे १,६८० डॉलर वाचले असते. म्हणजे शेड्यूल ए वरच्या बचतीच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेही ७.५ टक्क्यांची अट नसताना व स्टँडर्ड डिडक्शन न सोडता. एकट्या व्यक्तीसाठी ही मर्यादा ४,३०० डॉलर आहे आणि ५५ वर्षांवरील व्यक्तीला आणखी १,००० डॉलर टाकता येतात. खाते उघडण्यापूर्वी झालेला खर्च एचएसएमधून काढता येत नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया आधी आणि खाते नंतर असा क्रम चालत नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्ये एचएसएतील रकमेला राज्याच्या करात सवलत देत नाहीत, हेही तेथील वाचकांनी लक्षात ठेवावे.

एफएसएची, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यखर्चाच्या करमुक्त खात्याची, २०२५ ची मर्यादा ३,३०० डॉलर आहे. त्यात एक सोय अशी की आरोग्यखर्चाच्या एफएसएसाठी निवडलेली वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, जरी पगारातून ती हप्त्याहप्त्याने कापली जात असली तरी. जानेवारी-फेब्रुवारीत शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आदल्या शरद ऋतूतल्या ओपन एनरोलमेंटमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षाच्या योजना निवडण्याच्या काळात, ही रक्कम वाढवून घ्यावी.

खाली प्रवासाबद्दल जे नियम दिले आहेत, तेच या खात्यांतून पैसे काढतानाही साधारणपणे लागू होतात, फक्त एफएसएमध्ये तुमच्या कंपनीच्या योजनेचे स्वतःचे नियम अधिक कडक असू शकतात. मात्र एचएसए किंवा एफएसएमधून भरलेला एकही डॉलर पुन्हा शेड्यूल ए वर दाखवता येत नाही.

तिसरी पायरी: कोणाचा खर्च मोजता येतो

स्वतःचा, पती किंवा पत्नीचा आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांचा खर्च आपण भरला असेल तर तो मोजता येतो. मुलांच्या बाबतीत सहसा अडचण येत नाही. प्रश्न येतो तो आई-वडिलांच्या बाबतीत, आणि आपल्या समाजात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

आईवडील तुमच्याजवळ ग्रीन कार्डवर राहतात, त्यांच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करता, आणि वडिलांच्या बायपासचे बिल तुम्ही भरले, तर ते तुमच्या वैद्यकीय खर्चात धरता येते. येथे कायदा थोडा उदार आहे. एरवी डिपेंडंट म्हणून दाखवण्यासाठी त्या व्यक्तीचे एकूण उत्पन्न एका मर्यादेखाली असावे लागते, २०२५ साठी ५,२०० डॉलर. पण केवळ वैद्यकीय खर्चाच्या वजावटीसाठी ही उत्पन्नाची अट लागू होत नाही. म्हणजे भारतातल्या भाड्यामुळे किंवा मुदत ठेवींच्या व्याजामुळे वडील तुमच्या रिटर्नवर डिपेंडंट ठरत नसले, तरी निम्म्याहून अधिक निर्वाह तुमच्याकडून होत असल्यास त्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च धरता येऊ शकतो. ही तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. रिटर्न तयार करणाऱ्याला ती आपण होऊन विचारावी.

आईवडील भारतात राहतात आणि तुम्ही येथून पैसे पाठवून पुण्याला किंवा नागपूरला त्यांची शस्त्रक्रिया केली, तर मात्र तो खर्च धरता येत नाही. ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा राष्ट्रीय असावी, नाहीतर अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोची रहिवासी असावी, ही अट वैद्यकीय वजावटीतही शिथिल होत नाही. पाठवलेली रक्कम कितीही मोठी असो आणि त्यांचा सगळा भार तुमच्यावरच असो, नियम बदलत नाही. सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांबाबत प्रश्न दिवसांचा असतो: चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा व त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा सहावा हिस्सा यांची बेरीज किमान १८३ भरल्यास ते करदृष्ट्या रहिवासी ठरू शकतात. एकाच सहामाही भेटीत हा आकडा सहसा काठावर येतो, त्यामुळे पासपोर्टवरील आणि आय-९४ वरील (अमेरिकेतील प्रवेशाची सरकारी नोंद) तारखा घेऊन नीट मोजावे, अंदाजाने ठरवू नये.

चौथी पायरी: कोणती शस्त्रक्रिया मान्य होते

रोग बरा करण्यासाठी, टाळण्यासाठी, त्याचे निदान करण्यासाठी किंवा शरीराच्या एखाद्या भागाच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी केलेला उपचार हा मूळ निकष आहे. त्यात हृदय, सांधे, हर्निया, मोतीबिंदू, प्रसूती अशा नेहमीच्या शस्त्रक्रिया तर येतातच, पण डोळ्यांचा नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया, आयव्हीएफ, नसबंदी, दातांचे इम्प्लांट आणि ब्रेसेस हेही येतात. सर्जनच्या फीबरोबर भूलतज्ज्ञ, लॅब, एक्स-रे, रुग्णवाहिका, कुबड्या, व्हीलचेअर आणि घरी येणाऱ्या नर्सची सेवाही धरावी. रुग्णालयात भरती असताना तेथील खोली आणि जेवण हा उपचाराचाच भाग मानला जातो. अवयव प्रत्यारोपणात दात्याचा वैद्यकीय खर्च आणि प्रवास तुम्ही केला असेल तर तोही तुमच्या खर्चात येतो.

केवळ रूप सुधारण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया चालत नाही: फेसलिफ्ट, केस रोपण, चरबी काढणे, दात पांढरे करणे. पण जन्मजात व्यंग, अपघातातील इजा किंवा विद्रूप करणारा रोग यांमुळे करावी लागलेली शस्त्रक्रिया मान्य आहे. स्तनाच्या कर्करोगानंतरची पुनर्रचना हे त्याचे स्पष्ट उदाहरण. प्रिस्क्रिप्शनशिवाय घेतलेली औषधे, इन्सुलिन सोडून, शेड्यूल ए वर धरता येत नाहीत, जरी ती एचएसएमधून घेता येत असली तरी.

शस्त्रक्रियेनंतर घरात केलेले बदल बहुतेक जण विसरतात. बाथरूममधील आधाराचे दांडे, दारासमोरचा रॅम्प, व्हीलचेअर जाण्यासाठी रुंद केलेली दारे यांमुळे घराची किंमत सहसा वाढत नाही असे मानले जाते, आणि त्यांचा पूर्ण खर्च धरता येतो. लिफ्ट बसवली तर घराची किंमत जितकी वाढली तितकी रक्कम वजा करून उरलेलीच धरावी.

पाचवी पायरी: प्रवास आणि मुक्काम

नियम असा की प्रवास मुख्यतः वैद्यकीय उपचारासाठी आणि त्यासाठी आवश्यक असावा. किती मैलांपासून पुढे मोजायचे अशी किमान अंतराची अट नाही. घराजवळच्या दवाखान्यात जाण्याचे मैलही धरता येतात. बस, टॅक्सी, रेल्वे, विमान आणि रुग्णवाहिका यांचे भाडे प्रत्यक्ष खर्चानुसार धरावे.

स्वतःच्या गाडीसाठी दोन पर्याय आहेत: त्या फेऱ्यांपुरता पेट्रोल व ऑइलचा प्रत्यक्ष खर्च, किंवा ठरावीक दर, जो २०२४ आणि २०२५ साठी मैलाला २१ सेंट आहे. दोन्हींपैकी कोणताही निवडला तरी पार्किंग आणि टोल त्याशिवाय वेगळे मिळवता येतात. गाडीचा विमा, दुरुस्ती आणि घसारा धरता येत नाही. व्यवसायासाठीचा मैलाचा दर याहून कितीतरी मोठा आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही जागा वेगवेगळ्या असतात, तेव्हा मैल चुकीच्या रकान्यात जात नाहीत ना ते पाहावे.

रुग्णालयाबाहेरच्या मुक्कामासाठी प्रत्येक व्यक्तीमागे रात्रीला कमाल ५० डॉलर धरता येतात. हॉटेलचे भाडे दीडशे असो की अडीचशे, मर्यादा तीच, आणि ती महागाईनुसार वाढत नाही. रुग्णाबरोबर राहणे ज्याला आवश्यक आहे अशा एका व्यक्तीचेही ५० डॉलर धरले जातात. म्हणून आजारी मुलाबरोबर आई किंवा वडील राहिले तर रात्रीला १०० डॉलरपर्यंत जाता येते. यासाठी उपचार परवानाधारक रुग्णालयात किंवा त्याच्याशी संलग्न वा समतुल्य केंद्रात डॉक्टरकडून झालेले असावेत, मुक्काम चैनीचा नसावा आणि त्या प्रवासात सहलीचा, मौजेचा लक्षणीय भाग नसावा. हॉटेलमधले किंवा वाटेतले जेवण मात्र धरता येत नाही.

आधीच्या उदाहरणातले ८५४ डॉलर असे आले. त्या गृहस्थांचा गुडघा पूर्वी एकदा बदललेला होता, आणि तो पुन्हा बदलण्याचे अवघड काम करणारे सर्जन घरापासून १३० मैलांवर होते. तपासणी, शस्त्रक्रिया (पहिली फेरतपासणी त्याच मुक्कामात) आणि नंतरच्या दोन फेरतपासण्या अशा चार जाऊन-येऊन फेऱ्या झाल्या, म्हणजे १,०४० मैल. २१ सेंटने २१८.४० डॉलर. टोल ६४ आणि पार्किंग ७२ डॉलर. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आणि डिस्चार्जनंतर चार रात्री, पहिली फेरतपासणी होईपर्यंत, दोघे रुग्णालयाजवळ हॉटेलात राहिले. भाडे रात्रीला १४० डॉलर, पण धरता आले १०० डॉलर, म्हणून पाच रात्रींचे ५००.

त्यांच्या पत्नीने मैलांची नोंद गाडीतल्या छोट्या वहीत ठेवली होती आणि ती नोंद कशी असावी याचा उत्तम नमुना आहे. प्रत्येक फेरीला एक ओळ: तारीख, निघताना आणि परतल्यावर ओडोमीटरचा आकडा, 'डॉ. सर्जरीनंतर टाके काढणे' असे दोन-तीन शब्दांत कारण, आणि त्याच पानाला टाचलेली पार्किंगची चिठ्ठी. फोनच्या ॲपमध्ये हेच करता येते, पण थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

विमानाने दूरच्या मोठ्या केंद्रात, समजा मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये किंवा ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये, गेलात तर तेथेच का जावे लागले याचे स्थानिक डॉक्टरचे पत्र आधीच घ्यावे. कारण करनियमांत एक स्पष्ट अपवाद आहे: निव्वळ वैयक्तिक कारणासाठी दुसऱ्या शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली तर प्रवासखर्च मिळत नाही. हवापालटासाठी, मन रमावे म्हणून किंवा एकूण प्रकृती सुधारावी म्हणून केलेला प्रवासही, डॉक्टरांनी सुचवला असला तरी, चालत नाही.

भारतात जाऊन शस्त्रक्रिया केली तर

हा विषय वेगळा काढण्याचे कारण उघड आहे. दातांची मोठी कामे, मोतीबिंदू, गुडघे, आयव्हीएफ यांसाठी अनेक जण भारतात जातात, आणि त्यांच्या खर्चाचे दोन भाग अगदी वेगळ्या नियमांनी पाहावे लागतात.

शस्त्रक्रियेचा खर्च, म्हणजे रुग्णालयाचे बिल, डॉक्टरांची फी, तपासण्या, हा अमेरिकेत झाला असता तर जसा धरता आला असता तसाच भारतातलाही धरता येतो, उपचार कायदेशीर असला की पुरे. भारतात प्रिस्क्रिप्शनवर विकत घेऊन तेथेच घेतलेले औषध, ते दोन्ही देशांत कायदेशीर असेल तर, धरता येते; बॅगेत भरून येथे आणलेली सहा महिन्यांची औषधे सामान्यतः नाही. रक्कम डॉलरमध्ये लिहावी लागते. त्यासाठी पैसे भरले त्या दिवसाचा जाहीर विनिमय दर घ्यावा, तो कोठून घेतला ते पावतीवर लिहावे आणि सर्व बिलांसाठी एकच पद्धत ठेवावी. क्रेडिट कार्डने भरल्यास स्टेटमेंटवर डॉलरची रक्कम आयतीच मिळते, म्हणून शक्य तेथे कार्डच वापरावे.

विमानभाड्याचे मात्र तसे नाही. दिवाळीला किंवा भाच्याच्या लग्नाला गेलो आणि जाताजाता दात करून घेतले, तर तिकीट धरता येणार नाही. प्रवासाचे मुख्य कारण उपचार नव्हते. केवळ शस्त्रक्रियेसाठी गेलो, पण भावंडे जवळ असावीत म्हणून भारत निवडला, तरीही वैयक्तिक कारणाचा अपवाद आड येऊ शकतो. माझा सल्ला असा की उपचाराची आवश्यकता, तारखा आणि भारतातलेच केंद्र निवडण्याचे वैद्यकीय कारण कागदावर स्पष्ट असेल तरच तिकिटाचा दावा करावा. एरवी शस्त्रक्रियेचे बिल निश्चिंतपणे दाखवावे आणि तिकीट सोडून द्यावे.

सहावी पायरी: पैसे भरण्याच्या तारखा ठरवाव्यात

वैद्यकीय खर्च ज्या वर्षी भरला त्या वर्षीचा धरला जातो. शस्त्रक्रिया केव्हा झाली यावर ते ठरत नाही. क्रेडिट कार्डने भरल्यास कार्ड वापरले ती तारीख लागू होते, कार्डाचे बिल पुढच्या वर्षी फेडले तरी. चेक टपालाने पाठवल्यास टाकला तो दिवस. रुग्णालयाशी हप्ते ठरवले असतील तर त्या वर्षात जितके हप्ते गेले तितकेच. पुढच्या वर्षी होणाऱ्या उपचाराचे पैसे यावर्षी आगाऊ भरून वजावट ओढून घेणे मात्र सामान्यतः मान्य नाही.

उंबरठा दर वर्षी नव्याने लागत असल्यामुळे तारखांना फार महत्त्व येते. त्याच जोडप्याचे २२,०५० डॉलर दोन वर्षांत निम्मे-निम्मे विभागले गेले असते तर दर वर्षी ११,०२५ डॉलरमधून ९,००० जाऊन २,०२५ उरले असते. इतर वजावटींसह बेरीज २७,७२५ डॉलर, म्हणजे ३१,५०० च्या आतच. दोन्ही वर्षी फायदा शून्य. म्हणून शस्त्रक्रिया ऑक्टोबरमध्ये झाली असेल आणि दातांचे काम अर्ध्यावर असेल, तर डिसेंबरअखेर राहिलेली बिले चुकती करावीत आणि मुलीचा चष्मा किंवा आईची श्रवणयंत्रे, जी घ्यायचीच आहेत, ती त्याच वर्षी घ्यावीत. तब्येतीला धोका असेल तर करासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. पण सर्जननेच 'डिसेंबर किंवा जानेवारी, तुमच्या सोयीने' असे सांगितले असेल तेव्हा हा हिशेब जरूर करावा. विम्याचे डिडक्टिबलही जानेवारीत नव्याने सुरू होते, त्यामुळे बऱ्याचदा दोन्ही हिशेब एकाच बाजूला झुकतात.

सातवी पायरी: कागद जुळवावेत

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी दोन प्रकारचे कागद येतात आणि गोंधळ तेथेच होतो. विमा कंपनीकडून येतो तो ईओबी, म्हणजे विम्याने कशाचे किती भरले याचे विवरण. दुसरे म्हणजे रुग्णालयाची आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष बिले. ईओबीवर ठळक अक्षरांत हे बिल नसल्याचे लिहिलेले असते. त्यात प्रत्येक सेवेसमोर रुग्णालयाने लावलेली रक्कम, विम्याने मान्य केलेली रक्कम, विम्याने भरलेली रक्कम आणि तुमच्या वाट्याची रक्कम असे रकाने असतात. पहिल्या रकान्यातला ६८,००० डॉलरचा आकडा पाहून तो वजावटीत लिहिणारे लोक आहेत. तो आकडा पूर्णपणे विसरावा. शेवटच्या रकान्यातली रक्कम घ्यावी, ती रुग्णालयाच्या, सर्जनच्या आणि भूलतज्ज्ञाच्या स्वतंत्र बिलांशी ताडून पाहावी, आणि त्यापुढे आपण प्रत्यक्ष केव्हा व किती भरले ते लिहावे. रुग्णालयाने माफ केलेली रक्कम आपण भरलेलीच नसते, म्हणून ती धरायची नाही.

प्रत्येक खर्चासाठी ज्याला पैसे दिले त्याचे नाव-पत्ता, तारीख, रक्कम, उपचार कोणावर आणि कशासाठी झाला, हे दाखवता यावे. नुसती क्रेडिट कार्डाची चिठ्ठी पुरत नाही, सेवांचा तपशील असलेले बिल मागून घ्यावे. मागितले की रुग्णालये ते देतात. हे कागद रिटर्नबरोबर पाठवायचे नसतात, पण रिटर्न भरल्यापासून किमान तीन वर्षे जपून ठेवावेत.

आठवी पायरी: फॉर्म भरावा

शेड्यूल ए च्या पहिल्या ओळीत वर्षभराचा एकूण मान्य खर्च, विम्याकडून व अन्यत्र परत मिळालेली रक्कम वजा करून, लिहावा. दुसऱ्या ओळीत एजीआय, तिसरीत त्याचे ०.०७५ पट, आणि चौथीत पहिलीतून तिसरी वजा करून येणारी रक्कम. सॉफ्टवेअर हे आपोआप करते. आपले काम पहिली ओळ अचूक देण्याचे. त्यात विम्याचे हप्तेही धरता येतात, पण पगारातून करपूर्व कापलेले हप्ते नाहीत, आणि नोकरदारांचे हप्ते बहुधा तसेच कापले जातात. मेडिकेअर पार्ट बी आणि डी चे हप्ते मात्र धरता येतात. निवृत्त मंडळींनी ते सोशल सिक्युरिटीच्या वार्षिक फॉर्मवरून घ्यावेत.

पती-पत्नींपैकी एकाचाच खर्च मोठा आणि उत्पन्न कमी असेल तर वेगवेगळे रिटर्न भरून ७.५ टक्क्यांची रक्कम घटवण्याचा विचार सुचतो. पण एकाने आयटमाइज केले की दुसऱ्यालाही करावेच लागते आणि इतर अनेक सवलती जातात, म्हणून दोन्ही प्रकारे पूर्ण रिटर्न तयार करून पाहिल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये.

राज्याचे रिटर्न वेगळे तपासणे गरजेचे आहे. न्यू जर्सीत वैद्यकीय खर्च राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून अधिक झाला की त्यापुढचा भाग वजा होतो, आणि त्यासाठी फेडरल रिटर्नवर आयटमाइज केलेले असण्याची गरज नसते. एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या ज्या कुटुंबांना वरची सगळी आकडेमोड करून फेडरलमध्ये काहीच हाती लागले नाही, त्यांनी तेच कागद राज्याच्या रिटर्नसाठी वापरावेत.

विमा कंपनीने अपील मान्य करून पुढच्या वर्षी काही रक्कम परत केली, तर मागचे रिटर्न दुरुस्त करायचे नसते. त्या वजावटीमुळे तुमचा कर जितक्या रकमेपुरता कमी झाला होता, तितकी परतफेड मिळालेल्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवावी. याउलट, मागच्या एखाद्या वर्षी मोठी शस्त्रक्रिया होऊनही वजावट घ्यायची राहून गेली असेल, तर ते मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत, किंवा कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत, यांपैकी जे नंतर येईल तोवर, फॉर्म १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) भरून परतावा मागता येतो. त्यासाठी रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून आणि फार्मसीकडून त्या वर्षाचे भरणा केल्याचे विवरण मागवावे आणि फोनच्या कॅलेंडरमधल्या अपॉइंटमेंटच्या तारखांवरून मैलांचा हिशेब लावावा. मुदत संपायला थोडेच दिवस उरले असतील तर पत्रव्यवहाराची सुरुवात बिलिंग विभागापासून करावी, कारण सर्वांत जास्त वेळ तेथेच लागतो.